पट्टा, प्लॅस्टर की ऑपरेशन: लेकराच्या खुब्याचा निर्णय करताना

पायाळू माणसाची लाथ कमरेला लागली की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. माझी लेक पायाळू. सिझेरियन झालं म्हणून काय, पोटात डोकं वर होतं ना, मग पायाळूच, असा शेजारच्या काकूंचा हिशेब. लेक नऊ महिन्यांची झाल्यापासून काकू महिन्यातून एकदा आमच्या पडवीत पालथ्या पडायच्या आणि मी लेकीला काखेत धरून तिचा डावा पाय त्यांच्या कमरेला लावायची. त्याच डाव्या पायाचा खुबा जन्मापासून निखळलेला होता, हे कळायला पंधरावा महिना उजाडला.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. लेक आता अकरा वर्षांची आहे. तिच्यानंतर दोन वर्षांनी माझ्या बहिणीला निपाणीत मुलगा झाला, तोही पायाळू, आणि त्याचाही डावा खुबा उथळ निघाला. त्याचं काम आठ आठवड्यांच्या पट्ट्यावर भागलं. माझ्या लेकीला भूल देऊन खुबा बसवला, तीन महिने प्लॅस्टर झालं आणि साडेचार वर्षांची असताना हाडाचं ऑपरेशनही झालं. दोघांत फरक पडला तो कोणत्या वयात कळलं यामुळे. आमच्या बाजूच्या कुणाच्या लेकराचं असं निघालं की फोन मला येतो आणि प्रश्न एकच असतो: ‘यातलं कुठलं चांगलं?’ फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

वाटी आणि गोळा

खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. जन्मतः वाटीचा बराचसा भाग कूर्चेचा, म्हणजे कच्चा असतो. गोळा आत नीट बसलेला असेल तरच वाटी त्याच्या मापाने खोल होत जाते. खानापूरच्या कुंभारांना मडकं घडवताना पाहिलं असेल तर हे चटकन समजेल. आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून थापायचं. गोटा नसेल तर थापून उपयोग नाही, आणि माती सुकली की गोटा असूनही उपयोग नाही. या आजाराचा सगळा उपचार या दोन वाक्यांत येतो. गोळा वाटीत बसवायचा, आणि माती ओली आहे तोवर बसवायचा.

पूर्ण निखळलेला खुबा हजारात एक-दोन बाळांत सापडतो, नुसता सैल किंवा उथळ खुबा त्याहून बऱ्याच जास्त बाळांत. मुलींत हे प्रमाण मुलांच्या चौपटीहून जास्त. डावी बाजू जास्त. पहिलं बाळंतपण, पायाळू बाळ, गर्भजल कमी असणं, घरात कुणाला असणं, या धोक्याच्या खुणा. माझ्या लेकीत यातल्या चार होत्या: मुलगी, पहिली, पायाळू, डावा पाय. दहाव्या महिन्यात मी एका दवाखान्यात विचारलंही होतं की लंगोट बदलताना हिची डावी मांडी बाहेर उघडत नाही. ‘अंग जड आहे, मुलगी चालेल सावकाश’ असं ऐकून मी घरी आले. ती चालली वेळेतच, फक्त डाव्या पायाच्या चवड्यावर आणि एका बाजूला झुकत. दुखत काहीच नव्हतं, आणि दुखत नाही म्हणूनच सगळ्यांची फसगत होते. मांडीच्या वळ्या सारख्या नसणं ही खूण सगळे सांगतात, पण ती फारशी भरवशाची नाही. तीन महिन्यांनंतर मांडी बाहेर न उघडणं ही खरी खूण. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर दोन पायांत फरकच दिसत नाही. लेकरू बदकासारखं डुलत, पोट पुढे काढून चालतं आणि घरचे कौतुक करत राहतात.

सहा महिन्यांच्या आत: पट्टा

इथे निवडायला फारसं काही नाही, आणि हेच भाग्य. पावलिक नावाच्या चेक डॉक्टरांनी १९४०च्या दशकात हा पट्टा वापरात आणला. छातीभोवती एक पट्टी, खांद्यावरून दोन, आणि त्यांना जोडलेल्या पायांच्या वाद्या. गुडघे वर आणि बाहेर राहतात, पण बाळ पाय हलवू शकतं. त्या हालचालीतच गोळा हळूहळू वाटीत जाऊन बसतो. योग्य वयात, योग्य बाळाला घातला तर दहापैकी साधारण नऊ वेळा तो यशस्वी होतो. खुबा हाताने बसवूनही बसत नसेल, किंवा बाळ सहा महिन्यांच्या पुढे गेलेलं असेल, तर हे प्रमाण बरंच खाली येतं, कारण तोवर बाळाच्या पायांत जोर आलेला असतो.

बहिणीच्या मुलाची सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी झाली. ऑस्ट्रियाचे ग्राफ यांनी १९८० मध्ये ही पद्धत मांडली. तीत वाटीच्या छपराचा एक कोन मोजतात, त्याला अल्फा म्हणतात. तो ६० अंश किंवा जास्त असला की खुबा पक्का. त्याचा ४८ होता. आठ आठवड्यांच्या पट्ट्यानंतर ६२ झाला. या वयात एक्स-रे काढून उपयोग नसतो, कारण गोळा अजून कूर्चेचा असतो आणि फिल्मवर उमटत नाही. एक्स-रेचा खरा उपयोग चार-सहा महिन्यांनंतर.

पट्ट्यात चूक होते ती घरी. सुरुवातीला तो जवळजवळ चोवीस तास घालायचा असतो. पण आजी आंघोळीला काढते, ‘बाळाला मोकळं वाटू दे’ म्हणून दोन तास तसंच ठेवते, आणि परत लावताना वादी एक भोक घट्ट बसते. माझ्या बहिणीने पहिल्याच दिवशी प्रत्येक वादीवर बॉलपेनने रेघ मारून घेतली होती. रेघ बकलला भिडली की बस्स. वाद्या सैल-घट्ट करणं डॉक्टरांचं काम, आपलं नाही. आणखी एक गोष्ट रोज बघायची, ती म्हणजे बाळ गुडघा सरळ करून लाथ मारतं का. लाथ थांबली तर मांडीच्या पुढच्या नसेवर दाब आला असण्याची शक्यता असते. पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा. वेळेत पट्टा सैल केला की नस सहसा पूर्ववत होते.

तीन-चार आठवडे पट्टा घालूनही निखळलेला गोळा आत गेला नसेल तर पट्टा थांबवायचा असतो. हे पालकांना पटत नाही, ‘अजून महिनाभर बघू’ असं वाटतं. पण वाटीबाहेरचा गोळा पट्ट्याने तसाच दाबून धरला तर वाटीची मागची कडा झिजते आणि पुढचं काम अवघड होतं. ‘अजून थोडे दिवस’ म्हणण्यात जिथे नुकसान आहे, अशी ही पहिली जागा.

दुहेरी-तिहेरी लंगोट बांधून खुबा बसतो, असं अजून सांगतात. नाही बसत. हाडवैद्याकडे नेऊन ओढून बसवण्याबद्दल तर मी बोलतही नाही.

सहा ते अठरा महिने: न चिरता की चिरून

खरी निवड इथून सुरू होते. या वयात पहिला प्रयत्न सहसा न चिरता होतो. भूल देतात, सांध्यात औषध घालून एक्स-रेखाली गोळा-वाटी बघतात, गोळा आत बसवतात आणि छातीखालपासून पायांपर्यंत प्लॅस्टर घालतात. गरज पडली तर जांघेतल्या स्नायूची एक आखडलेली दोरी छोट्या छेदातून सैल करतात. साधारण तीन महिने प्लॅस्टर राहतं, मध्ये एकदा भूल देऊन बदलतात.

चिरून बसवण्याची वेळ येते ती वाट अडलेली असली तर. सांध्याचं वेष्टन मध्येच आवळून बसलेलं असतं, त्यावरून स्नायूची दोरी ताणलेली असते, रिकाम्या वाटीत चरबी साठलेली असते, वाटीची कड आत दुमडलेली असते. हे सगळं भूल दिल्यावर औषध घालून बघितलं तरच दिसतं. म्हणून चांगले डॉक्टर आदल्या दिवशी ‘न चिरताच होईल’ असं वचन देत नाहीत. संमतीपत्रावर दोन्ही लिहिलेलं असतं. ते बघून घाबरू नका. कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवा म्हणा, मगच सही करा.

लोकांना वाटतं, चिरणं म्हणजे मोठं आणि न चिरणं म्हणजे सौम्य. अर्धंच खरं आहे ते. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी नाजूक असतात. न चिरता बसवताना जोर लावला, किंवा प्लॅस्टरमध्ये पाय फार फाकवून ठेवले, तर त्या दाबल्या जातात आणि गोळ्याचा काही भाग मरतो. सगळ्या उपचारांतला सगळ्यात मोठा धोका हाच आहे, आणि तो दोन्हीकडे आहे. जोराने बसवलेल्या बंद खुब्यापेक्षा हलक्या हाताने चिरून बसवलेला खुबा चांगला, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हा मी गणपतीला एवढंच मागितलं होतं की चिरू नये.

डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. आत बसल्यावर पाय किती हलवला तरी खुबा स्थिर राहतो? आणि प्लॅस्टरनंतर गोळा आतच आहे हे सीटी किंवा एमआरआयने बघणार ना? प्लॅस्टरमधून साध्या एक्स-रेत तो मागे सरकलेला कळत नाही. काही डॉक्टर गोळ्यात हाडाचा ठिपका दिसेपर्यंत थांबतात, काही थांबत नाहीत. बेळगावात एक आणि पुण्यात दुसरं ऐकायला मिळालं तर कुणीतरी फसवतंय असं समजू नका, या बाबतीत तज्ज्ञांतच दोन मतं आहेत.

आता प्लॅस्टर, ज्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. आमचं मार्च ते जून होतं. पहिले चार दिवस रडणं, नंतर लेकराला सवय होते आणि मग रडतो आपण. मधल्या मोकळ्या जागेत छोटा डायपर कडा आत खोचून, त्यावरून मोठा. आतली कड एकदा ओली झाली की तीन दिवस वास जात नाही. फ्रॉक चढत नाही, मी जुन्या साडीचे समोरून बांधायचे झबले शिवले. झोपवायला भाताच्या तुसाच्या चार उश्या केल्या, कारण कापसाची उशी दबते, तूस जिथे सारावं तिथे राहतं. पोट आवळलेलं असतं म्हणून थोडं थोडं भरवायचं. खाजवायला आत पट्टी, कंगवा काही घालायचं नाही. आमच्याकडे चुरमुरे आत गेले आणि ते प्लॅस्टर बदलताना निघाले. पायाची बोटं दिवसातून चारदा बघायची: उबदार, गुलाबी, हलणारी. निळसर किंवा गार पडली तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. दुचाकीवर हे लेकरू बसत नाही, रिक्षातही आडवं घेऊन जाणं अवघड जातं. तीन महिन्यांची गाडीची सोय आधी करा, मग तारीख घ्या.

दीड वर्षानंतर

अठरा महिन्यांपुढे माती सुकू लागलेली असते. आता गोळा बसवून वाटी आपोआप खोल होईल याचा भरवसा कमी. म्हणून चिरून बसवतानाच बहुधा वाटीच्या वरचं हाड कापून, वाटी गोळ्यावर नीट झाकेल अशी वळवतात. टोरांटोच्या सॉल्टर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत सगळ्यात जास्त ऐकायला मिळते. पेम्बर्टन आणि डेगा यांच्या पद्धतीही आहेत. कोणती करायची ते वाटीच्या आकारावर आणि सर्जनच्या हातावर ठरतं, आपण त्यात पडू नये. दोन-तीन वर्षांच्या पुढे मांडीचं हाड थोडं आखूड करून प्लेट लावतात. पालक इथे बिथरतात: आधीच पाय आखूड, त्यात आणखी कापायचं? पण वर सरकलेला गोळा खाली ओढून बसवला की त्यावर प्रचंड दाब येतो आणि रक्तपुरवठा जातो. हाड कमी केलं की तो दाब उतरतो.

एका बाजूचा खुबा साधारण आठ वर्षांपर्यंत बसवतात, दोन्ही बाजूंचे असतील तर पाच-सहा वर्षांपर्यंत. त्यापुढे ऑपरेशनने मिळणारं कमी आणि बिघडणारं जास्त, असं होऊ शकतं. दोन्ही बाजूंनी निखळलेल्या मोठ्या मुलाला ‘तसंच राहू द्या’ असा सल्ला मिळाला तर तो हात झटकणं नसतो. डुलत चालतील, पण दोन्ही पाय सारखे असतात आणि दुखणं बऱ्याचदा फार पुढे सुरू होतं. एकाच बाजूचं सोडून दिलं तर पाय आखूड राहतो, गुडघा आणि पाठीवर ताण येतो. म्हणून त्यात प्रयत्न जास्त वयापर्यंत करतात.

वहीतले आकडे

‘आता बरी झाली ना?’ हा प्रश्न मी दोन वर्षं विचारला आणि दर वेळी ‘चांगलं आहे’ एवढंच उत्तर घेऊन आले. मग एका तरुण डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या काचेवर धरली, पेन्सिलने दोन रेघा मारल्या आणि कोन दाखवला. वाटीचं छप्पर किती तिरपं आहे त्याचा हा कोन. सोनोग्राफीतला अल्फा वाढायला हवा, एक्स-रेमधला हा कोन कमी व्हायला हवा. घरी आल्यावर मी शाळेच्या हजेरीवहीसारखी वही घातली.

लेकीचे आकडे असे होते. खुबा बसवण्याआधी ४०. सहा महिन्यांनी ३६. वर्षाने ३३. दोन वर्षांनी ३१. तीन वर्षांनी ३०. निरोगी लेकराचा कोन दुसऱ्या वर्षापर्यंत २५च्या आत येतो. सुरुवातीला भराभर उतरला आणि मग थांबला, हे कुणालाही दिसेल. वाटी सगळ्यात जास्त सुधारते ती खुबा बसल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत. चार-पाच वर्षांच्या वयानंतर वेग फार मंदावतो.

पुढचं आधी सांगता येतं का? थोडंफार येतं. अमेरिकेतल्या आयोवाच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खुबा बसवून दोन वर्षं झाली तरी कोन ३५ किंवा जास्त असेल तर वाढ पूर्ण होताना तो खुबा उथळ राहण्याची शक्यता ८० टक्के निघाली. वाढ संपल्यावर खुब्याला दर्जा देतात तो सेव्हेरिन या स्वीडिश डॉक्टरांनी १९४१ मध्ये केलेल्या मोजपट्टीवर: पहिला-दुसरा दर्जा म्हणजे चांगलं, तिसऱ्यापासून काळजी. माझी लेक ३१वर होती, म्हणजे ना धड इकडे ना धड तिकडे. अशा मधल्या आकड्यांवर असलेल्यांचाच निर्णय सगळ्यात अवघड असतो.

एका बाजूला थांबणं. लेक धावते, खेळते, दुखत नाही. ऑपरेशन म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा सहा आठवडे प्लॅस्टर, हाडात घातलेल्या तारा काढायला पुन्हा जाणं. दुसऱ्या बाजूला सॉल्टर. साधारण सहा वर्षांच्या आत केलं तर सोपं आणि एकाच कापात भागतं. मोठेपणी तीच वाटी वळवायला हाड तीन-चार ठिकाणी कापावं लागतं. आम्ही वर्षभर थांबलो. ३१चे ३० झाले तेव्हा घरात आनंद झाला. ‘कमी होतंय की!’ मग कळलं की दोन डॉक्टरांनी तीच फिल्म मोजली तरी तीन-चार अंशांचा फरक पडू शकतो, आणि एक्स-रे काढताना लेकरू जरा वाकडं झोपलं तरी पडतो. म्हणजे तो एक अंश म्हणजे काहीच नव्हता. म्हणून सांगते: शक्यतो एक्स-रे एकाच ठिकाणी काढा, सगळ्या फिल्म जपा, कोन एकाच माणसाकडून सगळ्या फिल्मवर एका बैठकीत मोजून घ्या, आणि एका आकड्यावर नव्हे तर रांगेवर बोला.

साडेचार वर्षांची असताना ऑपरेशन केलं. कमरेच्याच हाडाचा एक त्रिकोणी तुकडा कापात बसवला, दोन तारा घातल्या. कोन १८ झाला. थांबलेलं ते एक वर्ष वाया गेलं का? मला वाटतं, नाही. ३६वर अडकली असती तर मात्र मी वर्षभर थांबले नसते, आणि उतार चालू राहून २७-२८वर आली असती तर ऑपरेशनही केलं नसतं.

कोन चांगला आला म्हणून वही मिटता येत नाही. रक्तपुरवठ्याला बसलेल्या धक्क्याचा एक प्रकार असा आहे की तो लहानपणी दिसतच नाही. आठ-दहा वर्षांच्या आसपास गोळ्याची बाहेरची वाढ मंदावते आणि गोळा कलू लागतो. म्हणून वाढ संपेपर्यंत, मुलींना चौदा-पंधरा, मुलांना सोळा-सतरा वर्षांपर्यंत, एक-दोन वर्षांनी एक फिल्म लागतेच. पट्ट्याने बरं झालेल्या बहिणीच्या मुलाचीही सहा महिन्यांवर, वर्षावर आणि नंतर अधूनमधून झाली. पाच-सहा वर्षांपुढे आणखी एक कोन बघतात, गोळा बाहेरच्या बाजूने किती झाकला आहे त्याचा. मोठ्या माणसात तो २५च्या वर असावा, २०च्या खाली असला तर उथळ समजतात.

चाळिशीनंतर काय

लग्नाचं बघताना पाय दिसेल का, हे विचारणारे पुष्कळ भेटले. मला वाटणारी काळजी वेगळी होती. टोरांटोच्या रुग्णालयाने २००७ मध्ये जुन्या रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. दीड ते पाच वर्षं वयात चिरून खुबा बसवून सॉल्टर केलेली मुलं, आता मोठी झालेली. ३० वर्षांनी ९९ टक्के खुबे स्वतःचेच होते, ४० वर्षांनी ८६ टक्के, ४५ वर्षांनी ५४ टक्के. म्हणजे उशिरा सापडूनही तिशी-पस्तिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांचं निभावलं, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर निम्म्यांना सांधा बदलावा लागला. हा आकडा मी दोन्ही प्रकारे वाचते, दिवस कसा गेला त्यावर. पण ऑपरेशन केलं म्हणजे खुबा जन्माचा झाला असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. लेकीला मी उड्या मारू देते, फक्त वजन वाढू देत नाही.

न चिरता बसवलेल्यांचाही आयोवाचाच, सरासरी ३० वर्षांचा जुना हिशेब आहे. त्यातही खुबा काळाबरोबर कुरकुरू लागतो, आणि ज्यांच्या गोळ्याच्या वाढीला धक्का बसला होता त्यांचा लवकर. चिरलं की नाही यापेक्षा गोळा जिवंत राहिला का आणि वाटी खोल झाली का, यावर पुढचं जास्त ठरतं.

बेळगाव, मिरज की पुणे

पट्टा आणि सोनोग्राफी घराजवळ. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी जावं लागतं, त्याला पुणं परवडत नाही. फक्त सोनोग्राफी करणाऱ्याला बाळाच्या खुब्याची सवय आहे का, ते विचारा. न चिरता प्लॅस्टर बेळगावात होऊ शकतं. जिल्ह्याच्या गावी सरकारी आणि मोठं खासगी, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. वर मिरज-कोल्हापूर, खाली हुबळी. इमारत बघू नका, लहान मुलांच्या हाडांचंच काम करणारा सर्जन बघा, आणि वर्षाला असे किती खुबे करता ते सरळ विचारा. उशिरा सापडलेलं, दोन्ही बाजूंचं किंवा एकदा फसलेलं असेल तर पुण्या-मुंबईला जाण्यात अर्थ आहे. एकदा ऑपरेशनला लांब जाता येतं, पुढच्या दहा वर्षांच्या फिल्म इथे काढून पाठवता येतात. मिरजेला जायचं तर आम्हा खानापूरकरांना रेल्वे बरी. प्लॅस्टरमधलं लेकरू बर्थवर आडवं झोपतं.

पैशाचं. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना २०१८ पासून आहे, बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. थेट मोठ्या रुग्णालयात गेलात तर परत पाठवतील. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकाने विरोध केला. त्या वादात आपल्या लेकराची तारीख अडकवू नका. ज्या रुग्णालयात जाणार तिथल्या आरोग्यमित्राला गावाचं नाव सांगून, चालते की नाही ते आधी विचारून घ्या. जन्मजात खुब्याचं निखळणं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे, तेव्हा अंगणवाडीत तपासायला येणाऱ्या पथकाला ‘खुबे बघा’ म्हणायला संकोच करू नका. लसीकरणाच्या प्रत्येक खेपेला बघा म्हणा. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांनी आणि बालअस्थितज्ज्ञांनी मिळून हेच सुचवलंय, आणि धोक्याच्या खुणा असलेल्या बाळाला सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी.

घरात करायचं एवढंच: न्हाऊ घातल्यावर बाळाचे पाय ओढून, जुळवून दुपट्यात ताठ बांधणं सोडा. हात-छाती गुंडाळा, खाली पाय फाकायला मोकळे राहू द्या. जपानमध्ये १९७०च्या दशकात पाय सरळ बांधू नका अशी मोहीम झाली आणि तिथलं या आजाराचं प्रमाण कितीतरी खाली आलं. आपल्याकडे कडेवर घेण्याची पद्धत आहे, तीत मांड्या आपसूक उघड्या राहतात. तेवढं आपलं चांगलंच आहे.

एका भावंडाला असेल तर पुढच्याला असण्याची शक्यता साधारण सहा टक्के धरतात. म्हणून आमच्या धाकट्याची सोनोग्राफी सहाव्या आठवड्याला केली, काही खूण नसताना. दोन्ही अल्फा ६०च्या वर. तो डोक्याकडून जन्मला, त्यामुळे शेजारच्या काकू जरा नाराज आहेत. लेकीचा पाय मी आता लावू देत नाही.